सारखाच झेंडा

जर्मनीला लोळवून जगभर स्वातंत्र्य वाटत सुटलेल्या अमेरिकेनं मिसिसिपीतल्या छोट्या स्टेशनावर दोन शवपेट्या उतरवल्या. दोन्हींवर सारखाच झेंडा. एकीत ओझेला या काळ्या बाईचा सैनिक मुलगा, दुसरीत गोऱ्या गिरणीमालकिणीचा. पण पेट्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांवरची नावं वाटेतल्या पावसानं धुऊन नेलेली. कायद्यानं काळ्यागोऱ्यांच्या दफनभूमी वेगळ्या. “सासऱ्यांशेजारी काळा पुरू का मी? उघडा, रंग बघा,” मालकीण म्हणाली. सोबत आलेला सार्जंट पुटपुटला, “बाईसाहेब, रंग कळण्याइतकं आत काही उरलेलं नाही.” स्टेशनमास्तर ओझेलावर खेकसला, “मागे सर गं. बाईसाहेब आधी निवडतील.” ती जन्मभर सरत आली तशीच मागे सरली. मालकिणीनं डावी निवडली, बँड लावून नेली. दुसरी ओझेलानं पुरली. आता दर रविवारी त्या कबरीवर ती अर्धीच फुलं ठेवते. उरलेली गोऱ्यांच्या दफनभूमीशी नेते. फाटकातून शिरायला तिला बंदी, म्हणून भिंतीवरून आत फेकते.