गोल कोपरे

पूर्णेतल्या माधवराव सरांच्या घरी योगीराज सुतार सकाळपासून लाकडाच्या कडा गोल करणारा राउटर चालवत होता. पलंग झाला, देवापुढचा चौरंग झाला, आता सागवानी टीपॉय राहिला होता. सगळ्यांचे कोपरे सरांना गोल करून हवे होते.

"लेकरू रांगायलंय का सर घरात?"

"लेकरू कुठलं! आमच्या हिला चालताना भान नसतं. परवा या टीपॉयवर आपटली, कपाळाला टाके घालावे लागले. वालूरचा मेव्हणा धावत आला आणि मलाच नाही नाही ते विचारून गेला."

"वैनींची लय काळजी करता सर तुमी. आमच्या घरी कळलं तर माझी धडगत न्हाई," योगीराज हसला.

सर शाळेत गेले. राउटर कडेवरून सावकाश वळत गेला, भुसा उडाला, आणि टीपॉयचे तीन कोपरे तळहात फिरवला तरी टोचू नयेत इतके गुळगुळीत झाले. चौथ्यावर यंत्र टेकवणार तोच सरांची बायको सुमंगला चहा घेऊन आली. कपाळावरची पट्टी तिनं पदराखाली झाकली होती. कप ठेवून ती दाराशी गेली, रस्त्यावर दूरवर पाहून परत आली.

"दादा, तेवढा एक कोपरा तसाच राहू द्या. मुका मार लागला तर वालूरहून कुणी येत नाही."