गिट्टीची माळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची इडापिडा जावी म्हणून गावाबाहेर नेऊन जाळायचा पुतळा यंदाही पार्बताकाकींनीच बांधला. नाव कुठंच नव्हतं. पोट मोठं आणि गळ्यात पंचायतीनं बांधलेल्या आणि तीन महिन्यांत उखडलेल्या रस्त्याच्या गिट्टीची माळ. सरपंच चार माणसं घेऊन काकींच्या अंगणात धडकले. "हा पुतळा हटवा, नाहीतर किरनापूरच्या ठाण्यात रिपोर्ट करतो!" मी शाळेचा मास्तर. बदलीच्या भीतीनं हळूच म्हणालो, "काकी, कायले झंझट? माळ तेवढी काढून टाका." काकींनी पदराला हात पुसले, माझ्या खिशातला पेन काढला आणि सरपंचांपुढं धरला. "हौ, करा ना रिपोर्ट. फक्त त्यात लिहा, हा पुतळा तुमचाच हाय म्हणून." सरपंचांनी पुतळ्याकडं पाहिलं, स्वतःच्या पोटाकडं पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली. काकींनी पेन परत माझ्या खिशाला लावला. दुपारी पुतळा बांबूंवर बांधून निघाला, तेव्हा पुढचा बांबू माझ्या खांद्यावर होता.