ठिपका विझल्यावर

बुद्धघोषनं सहा गेमांचा एकच संच घेतला होता. टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल, कशावरही चालणारा. पुण्याला नोकरीवर जाताना गावाकडं ढोकीच्या घरातल्या टीव्हीवर त्यानं त्यात आईचंही नाव घालून दिलं. मथुराबाईला खेळता काही येत नव्हतं. पण लेक तिकडं खेळायला बसला, की इकडं त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका पेटतो, एवढं तिला उमगलं होतं. रोज संध्याकाळी भाकरी थापून ती टीव्हीपुढं बसायची. ठिपका विझला की म्हणायची, "उठलं बाई जेवाया." मगच स्वतःला वाढून घ्यायची. लेकराआधी ती कधी जेवलीच नव्हती.

एकदा त्याचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "काल लई येळ खेळत बसलास रं. भाकरी गार झाली माजी."

"मी? मला कुठला वेळ, आई! ते गेमांचं अकाउंट मी उन्हाळ्यातच रूममधल्या मित्राला देऊन टाकलंय."

मथुराबाईनं टीव्हीकडं पाहिलं. समोर ठिपका पेटलेलाच होता.

"मग त्या लेकराला सांग," ती म्हणाली, "येळेवर जेवत जा म्हणावं. हिकडं मी थांबते."