फिरती ढाल

आमच्या हायस्कूलनं तालुक्याची प्रश्नमंजूषा लागोपाठ तीनदा जिंकली, म्हणून नियमाप्रमाणे फिरती ढाल कायमची आमची झाली. तेव्हापासून सोळा वर्षं मुख्याध्यापकांनी स्पर्धेला, तालुक्याच्या गावी भोकरदनला, एकही संघ धाडला नाही. यंदा नववीच्या इंद्रायणी आणि कहकशा नावं द्यायला गेल्या, तर सरांनी खुर्चीमागच्या ढालीकडं बोट दाखवलं. “ती हाये ना आपल्याकडं? मंग जाऊन हरायचं कशाला?” घाबरट माणसाच्या तोंडावर सोळा वर्षं न हरल्याचं तेज! ती ढाल जिंकणाऱ्या तिघींपैकी मी एक. आता इथंच विज्ञान शिकवते, पोरींसोबत मीच आले होते. स्टूल ओढलं, चढले आणि ढाल काढून ओढणीनं पुसली. “महजबीन मॅडम, कुठं घेऊन चालल्या?” “भोकरदनला. परत द्यायला. फिरू द्या तिला.” “आन् मंग शाळेकडं काय ऱ्हाईल?” मी पोरींना आधी दाराबाहेर पिटाळलं. “भिंतीत खिळा हाये ना, सर. तुम्ही तेवढा सांभाळा.”