लाल खुणा

सत्यशीलानं अंगणातच गाडीचं इंजीन उघडलं, तसा दीर ओट्यावरून खेकसला, “वैनी, दादा जाऊन वरीस न्हाई झालं अन् तू पान्हा धरून राह्यली? भंगारात घालशील गाडी!” ती पान्हा फिरवतच राहिली. टायमिंग बेल्ट उतरवण्याआधी दोन्ही दातेरी चाकांवर खूण करायची होती; एक दात सरकला तरी इंजीन मोडणार. तेलकट लोखंडावर खडू टिकेना. तेव्हा सासूनं पेटीतून नेलपॉलिशची बाटली आणली. मुलगा गेल्यावर तिनंच ती सुनेकडून काढून घेतली होती. सत्यशीलानं लाल खुणा केल्या, त्या जुळवून नवा बेल्ट चढवला, किल्ली फिरवली. इंजीन झटक्यात सुरू झालं. “आता फेक ती बाटली!” दीर फणफणला. तिनं ब्रश आपल्याच काळ्याकुट्ट नखांवर फिरवला. सासरे वारल्यापासून बांगडीविना राहिलेले हात सासूनं धाकट्या लेकादेखत पुढं केले. “मला बी लाव. दाही बोटांना.”