धाकातला म्हातारा

गावकऱ्यांच्या हाती बंदुका देऊन सुलतानावर उठलेले बिशप अंथिमोस, मेंढपाळाच्या कपड्यांत स्तामाता नावाच्या बाईच्या चुलीपाशी लपले होते. "त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायचं नाही, आशीर्वाद मागायचा नाही," असं तिने घरच्यांना दहादा बजावलं होतं.

सुलतानाचा अंमलदार, तुर्की आगा, झडतीला आला, घर धुंडाळून रिकाम्या हाताने निघाला. तशी स्तामाता बिशपांवर खेकसली. "ए म्हाताऱ्या, बसलास काय नुसता? आगासाहेब निघाले, दार उघड!"

बिशप मुकाट्याने उठून दाराशी उभे राहिले.

"नवरा भलताच धाकात ठेवलायस गं!" आगा हसत उंबऱ्याशी आला. स्तामाताने त्याला वाकून मुजरा केला.



समोर वाकलेली मान दिसली मात्र, आगाशेजारच्या म्हाताऱ्याचा उजवा हात आपसूक आशीर्वादाला उठला.