चेहरा ऋतुजाचा

"म्हणजे पळायचं मी आणि दिसायचं तिने?" अंगाला घट्ट बसणारा काळा सूट चढवताना तेजस्विनीने विचारलं.

"तसंच असतं, मॅम. हालचाली एकीच्या, चेहरा दुसरीचा," दिग्दर्शक रविराज म्हणाला.

वारज्याच्या त्या स्टुडिओत कॉलेज बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम तयार होत होता, टीव्हीला कन्सोल जोडून घरोघरी खेळायचा. त्यातल्या पुण्याच्या संघाची नायिका होती ऋतुजा, तेजस्विनीच्या वेळची कॅप्टन. आता तिचा गुडघा कामातून गेला होता, म्हणून पळण्यासाठी तिनेच तेजस्विनीचं नाव सुचवलं होतं. उपकारच म्हणायचे.

तेजस्विनीच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं. कॉलेजात बास्केट हिने करायचे आणि पेपरात फोटो ऋतुजाचा यायचा. अनंत सर दोघींचे कोच, पण हाक मारायचे ती आधी ऋतुजाला. आयत्या बिळावर नागोबा, असं तेजस्विनी तिला मनातल्या मनात म्हणे. नोकरी झाली, लग्न झालं, कोथरूडला फ्लॅट झाला, तरी ही जळजळ काही गेली नाही. ऋतुजाचा फोन आला की ती गोड बोलायची आणि फोन ठेवला की भांडी आपटायची.

स्टुडिओत ती मन लावून पळाली, उड्या मारल्या. चेहऱ्यावर ठिपके लावून तिचे सगळ्या बाजूंनी फोटोही काढले गेले. हावभावांसाठी लागतात, असं रविराजने सांगितलं. तेही तिलाच देऊन टाका, ती पुटपुटली.

शेवटी जिंकल्यानंतरचा प्रसंग राहिला. खेळाडू कोचच्या पाया पडते, एवढाच. गेममधले कोच अनंत सरांवरूनच घेतले होते. त्यांच्या जागी स्टुडिओतला एक माणूस उभा केला.

"ऋतुजा मॅम करतील तसा नमस्कार करा," रविराज म्हणाला.

ऋतुजा सरांच्या पायांवर डोकं टेकायची. तेजस्विनी पुढे गेली, कमरेत न वाकता तिने त्या माणसाच्या गुडघ्याकडे हात नेल्यासारखा केला आणि तोंड फिरवून चालू लागली. रविराज नमस्काराच्या बाबतीत अगदीच कोरा. परफेक्ट, म्हणाला.

पण गुडघ्याला केलेला नमस्कार पुण्यात कुणाच्या नजरेतून सुटत नाही. बघू देत सरांना, लाडकी किती माजली आहे ते. त्या दिवशी घरी जाताना तिने श्रीखंड नेलं.

गेम पहिल्यांदा दाखवण्याचा समारंभ कोथरूडच्या एका सभागृहात होता. अनंत सर आता थकले होते. ऋतुजाने तेजस्विनीला मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची दिली. तेजस्विनीला ते बरंच वाटलं. सरांचा चेहरा तिला जवळून बघायचा होता.

ऋतुजा लंगडत स्टेजवर गेली. सुरुवातीचे आभार वगैरे झाले. मग ती म्हणाली, "कंपनीला माझा चेहरा हवा होता. मी नाही म्हटलं. मी नुसती नावाची कॅप्टन होते, सामने जिने जिंकून दिले तिचाच चेहरा लावा, असं सांगितलं. तिला यातलं काही माहीत नाही."

दिवे मंदावले. पडद्यावर बॉल घेऊन धावत आली ती तेजस्विनी. चेहरा तिचा, पाठीवर नाव तिचं. टाळ्या थांबेनात. आयुष्यभर जे हवं होतं ते समोर होतं आणि तिला तो शेवटचा नमस्कार आठवला.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला हाक मारावी लागायची नाही गं," ते म्हणाले. "तू असायचीसच तिथे."

पुढचं दाखवू नका, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पडद्यावर सामना संपला. जिंकलेली तेजस्विनी कोचपाशी आली, त्यांच्या गुडघ्याकडे हात नेल्यासारखा करून तिने तोंड फिरवलं आणि निघून गेली.

अनंत सरांनी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.